ओटीपी टाकीजवळ अन् वायफाय ग्रामपंचायतीत: एका गावच्या हॉटस्पॉटचं प्रकरण

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका फोनचा चार्जिंग पिन बदलत बसलो होतो. ती मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे, दाखले, उतारे, ऑनलाइन फॉर्म असलं सगळं तीच बघते. म्हणे, "दादा, एकडाव येऊन जाय ना गावाले. वायफाय कोनाचंच लागून नाई रायलं अन् लोकं मलेच बोलून रायले." मी विचारलं राऊटर बंद-चालू करून पाह्यला का, तर म्हणे, "दहा डाव केला. लाईट सारे हिरवे हाय. माह्या कॉम्प्युटरवर नेट धडधड चालते, लोकायच्या फोनातच नाई चालत."

मग थोडं थांबून म्हणे, "फक्त शाळेतल्या सरायच्या आयफोनले लागते. लोकं म्हन्तात का सरकारी वायफाय महागड्या फोनालेच लागते."

हे शेवटचं वाक्य मी हसण्यावारी नेलं आणि तिथंच चुकलो, कारण अख्ख्या प्रकरणाची किल्ली त्याच वाक्यात होती. ती मला सापडायला दीड तास लागला.

आधी गाव कसं आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, कापूस, तूर, सोयाबीन. वस्ती खोलगट भागात आहे, तिन्ही बाजूंनी चढ. मोबाईलचा टॉवर शेजारच्या गावाच्या टेकडीवर, त्याची रेंज गावाच्या डोक्यावरून निघून जाते. ग्रामपंचायतीजवळ फोन धरला तर कधी एक कांडी, कधी तीही नाही. पाण्याच्या टाकीजवळ मात्र, जिथं चढ सुरू होतो तिथं, तीन कांड्या येतात. ग्रामपंचायतीत फायबर आलेलं आहे, आणि त्यावर एका ठेकेदारानं मोकळं वायफाय लावून दिलं, म्हणजे पासवर्ड नाही, नाव दिसतं, जोडायचं, मग एक पान उघडतं, त्यात मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो टाकला की नेट सुरू. रेल्वे स्टेशनवर असते तशीच पद्धत.

गोष्ट २०२५ च्या सप्टेंबरातली. त्या हंगामात सीसीआयनं म्हणजे कापूस महामंडळानं हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' नावाचं ॲप काढलं होतं, त्यात शेतकऱ्यानं स्वतःची नोंदणी करायची, आधार आणि पेऱ्याची नोंद असलेला सातबारा जोडायचा, तरच खरेदी केंद्रावर माल घेणार. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्याला ८,११० रुपये क्विंटल हा त्या वर्षीचा हमीभाव. मुदत सुरुवातीला सप्टेंबरअखेरची होती, पुढं वाढली, पण तेव्हा ते कोणाला माहीत होतं. त्यामुळं ज्या लोकांनी जन्मात वायफायचं नाव काढलं नसतं ते सगळे कडुनिंबाखालच्या ओट्यावर फोन धरून बसलेले, आणि कोणाचाच लागत नाही.

## सरांचा आयफोन

मी पोचलो गुरुवारी, सकाळी साडेनऊला. पहिला फोन मामाचाच घेतला. वायफायला जोडलं, वर पंख्यासारखी खूण भरलेली आली, "कनेक्ट केलेले". लॉगिनचं पान काही आलं नाही. क्रोम उघडला, गूगल उघडलं. मी म्हटलं चालते तर आहे नेट. गूगलमध्ये 'कापूस भाव' टाकलं, यादीसुद्धा आली. यादीतल्या कुठल्याही बातमीवर बोट ठेवलं की मात्र गोल गोल फिरत बसते. यूट्यूब नाही, व्हॉट्सॲप नाही, ॲपही नाही. दुसरा फोन घेतला, तेच. पाच अँड्रॉइड पाह्यले, पाचही तसेच. गूगल उघडते आणि बाकी जगच नाही.

तेवढ्यात सर मधल्या सुट्टीत आले, त्यांनी आयफोन काढला, जोडला, आणि खालून लॉगिनचं पान सरकन वर आलं. लोकं माझ्याकडे पाहायला लागले, म्हणजे बघा आम्ही म्हणत होतो ना.

आता हे काऊन होते ते सांगतो. फोन नवीन वायफायला जोडला की तो मालकाला न विचारता गुपचूप एक चाचणी घेतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर साधी विनंती पाठवतो आणि तिथून २०४ नंबरचं उत्तर यायला पाहिजे, २०४ म्हणजे 'ठीक आहे, देण्यासारखा मजकूर नाही'. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर विचारतो आणि तिथून 'सक्सेस' एवढाच शब्द असलेलं पान यायला पाहिजे. लॉगिनवाल्या वायफायमध्ये राऊटर ही विनंती मधेच पकडतो आणि उत्तराऐवजी आपल्या पानाचा पत्ता देतो. फोनला अपेक्षेपेक्षा वेगळं काही मिळालं की तो समजून जातो, इथं दारावर कोणीतरी बसलेला आहे, आणि मग "नेटवर्कवर साइन इन करा" अशी सूचना देतो. एवढ्या एका सूचनेवर सगळा खेळ असतो. ती आली नाही तर सामान्य माणसाला लॉगिन करायचं असते हेच कळत नाही.

आमच्या ठेकेदारानं महिनाभरापूर्वी लॉगिनचं पान नवीन केलं होतं आणि त्यात ते 'मी रोबोट नाही' वालं चौकोनी खूण करायचं प्रकरण टाकलं. ते चालायला लॉगिनच्या आधीच फोनला गूगलच्या दोन पत्त्यांवर जाता यायला पाहिजे, म्हणून राऊटरमध्ये त्या पत्त्यांना आधीच मोकळी वाट द्यावी लागते. त्यानं नेमके दोन पत्ते मोकळे करायच्या ऐवजी गूगलचं आणि त्याच्या जोडीच्या जीस्टॅटिकचं अख्खं कुटुंबच मोकळं केलं. आणि अँड्रॉइडची चाचणी त्याच कुटुंबातल्या पत्त्यावर जाते. म्हणजे फोन विचारतो बाहेर नेट आहे का, गूगल म्हणते २०४, फोन खुश, लॉगिनची सूचना द्यायचं कारणच नाही. ॲपलचा पत्ता मोकळा नव्हता, त्यामुळं सरांचा फोन बरोबर अडायचा आणि बरोबर पान दाखवायचा. महागड्या फोनाले लागते हे लोकांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं, फक्त त्यामागचं कारण त्यांनी चुकीचं लावलं होतं.

ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला. तो आधी म्हणाला राऊटर रिस्टार्ट करा. मग म्हणाला लोकांचे फोन जुने असतील. मग मी २०४ चं सांगितलं तर दोन मिनिटं शांत, आणि मग म्हणाला सायंकाळी बघतो. (बघितलं मात्र त्यानं, हे मान्य करायला पाहिजे.)

तोपर्यंतचा जुगाड असा, क्रोममध्ये असा पत्ता टाकायचा ज्याच्यासमोर एचटीटीपीएस नाही, साधं एचटीटीपी आहे, म्हणजे कुलूप नसलेली साइट. 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' ही साइट नेमकी याच कामासाठी आहे. कुलूपवाली साइट उघडायला गेलात तर राऊटरला मधे शिरता येत नाही, शिरला तर ब्राउझर "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" म्हणून लाल पाटी दाखवतो, आणि लोकं घाबरून फोन खिशात घालतात. हल्ली जवळपास सगळ्याच साइट कुलूपवाल्या झाल्या, सुरक्षेसाठी चांगलंच आहे ते, पण त्यामुळं "काहीतरी उघडा म्हणजे लॉगिन येईल" हा दहा वर्षांपूर्वीचा सल्ला आता चालत नाही. सर्वात सोपं म्हणजे राऊटरचा स्वतःचाच पत्ता टाकायचा. तो मी खडूनं दाराशेजारच्या भिंतीवर मोठ्या इंग्रजी आकड्यांत लिहून दिला. एकजण म्हणे हा कोनाचा नंबर होय, रिचार्जवाल्याचा का.

## बाजाराचा दिवस

दहा-बारा जणांचं पान उघडायला लागलं, मला वाटलं झालं काम. अकरा वाजले आणि नवीनच तऱ्हा सुरू झाली. आता फोन वायफायलाच जोडेना. "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" असं म्हणत बसतो, मिनिटभरानं सोडून देतो, पुन्हा तेच. सरांचा आयफोनसुद्धा आता लागेना, त्यामुळं लोकांना जरा बरं वाटलं असावं.

बहीण म्हणे, "हे दर गुरवारी होते. बाकीच्या दिवशी असं होत नाई." आणि मला तेव्हा सुचलं की गुरुवारी तिथं आठवडी बाजार असतो, ग्रामपंचायतीसमोरच्या मैदानात.

राऊटरचं पान उघडलं. तो प्रत्येक फोनला एक अंतर्गत पत्ता वाटतो, जसा लग्नात बसायला पाट. आमच्या राऊटरमध्ये शेवटचा आकडा १०० पासून १९९ पर्यंत, म्हणजे बरोबर शंभर पत्ते ठेवलेले, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्या फोनच्या नावावर राखून ठेवायचा असं सेटिंग. आता बाजारात आसपासच्या खेड्यांतली लोकं येतात. ज्यांनी कधीतरी एकदा हे मोकळं वायफाय जोडून पाह्यलं त्या सगळ्यांचे फोन ते नाव लक्षात ठेवून आहेत. माणूस भेंड्या घेत मैदानातून फिरतो, फोन खिशातच असतो आणि गुपचूप वायफायला जोडून घेतो, पत्ता घेतो. लॉगिन केलं नाही केलं, पाट अडवला तो अडवला, माणूस घरी जाऊन झोपला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाट त्याच्याच नावावर. अकराच्या आत शंभर पत्ते संपले. ओट्यावर बसलेल्याला एकही नाही.

त्यात भर पोट्ट्यांनी घातली होती. रोजची मर्यादा प्रत्येक फोनला ५०० एमबी, आणि राऊटर फोन ओळखतो तो त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वायफायला जोडताना फोन जो स्वतःचा ओळख क्रमांक सांगतो त्यावरून. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतरचे फोन, दर वायफायला आपला खरा मॅक न सांगता एक बनावट सांगतात, कोणी पाळत ठेवू नये म्हणून, आणि आयफोननंही २०२० मध्ये आयओएस १४ पासून तेच सुरू केलं. वायफायच्या सेटिंगमध्ये आत गेलं की हा पर्याय बदलता येतो, रँडम की फोनचा स्वतःचा. कोणातरी पोट्ट्याला कळलं की ५०० एमबी संपले की हा पर्याय बदलायचा, राऊटरला वाटते दुसरा फोन आला, पुन्हा ५०० एमबी. डोकं आहे पोट्ट्यांना. फक्त प्रत्येक वेळी एकाच फोनच्या नावावर दोन पाट अडतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी सोडलं नसतं.

उपाय पाच मिनिटांचा होता. पत्ता राखायचा वेळ २४ तासांवरून अर्ध्या तासावर आणला आणि पत्त्यांची पट्टी वाढवून हजाराच्या वर नेली. मोकळ्या वायफायला, जिथं लोकं येतात-जातात, तिथं घरच्या राऊटरचं २४ तासांचं सेटिंग ठेवणं म्हणजे एसटी स्टँडच्या बाकावर रिझर्व्हेशन देण्यासारखं आहे. आमच्याकडं कोणीतरी घरगुती सेटिंग जसंच्या तसं सोडून दिलं होतं बस.

जाता जाता एक, राऊटरची नोंदवही पाहायला गेलो तर अर्ध्या नोंदी १ जानेवारी १९७० च्या. लाईट गेली की राऊटरचं घड्याळ तिथून सुरू होते, त्याच्यात सेल नसतो, आणि नेटवरून वेळ घ्यायचं सेटिंग केलेलंच नव्हतं. लोडशेडिंगच्या गावात ते आधी करायला पाहिजे, नाहीतर कोणती तक्रार कधीची हे ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही.

## टाकीवरचा पोट्टा

सायंकाळी ठेकेदाराच्या माणसानं गूगलची वाट आवरती घेतली. शुक्रवारी सकाळी अँड्रॉइडवर सूचना यायला लागली, पान उघडायला लागलं, लोकांनी नंबर टाकले, आणि मग सगळे माना वर करून बसले. ओटीपी येणार कुठून? रेंजच नाही तिथं.

आणि मग मी ते पाह्यलं. एका काकांनी फोनमधून सिम काढलं, शेजारच्या आठवीतल्या पोट्ट्याच्या साध्या बटणवाल्या फोनात टाकलं, पोट्टा तो फोन घेऊन टाकीकडं पळाला. काकांनी इकडं स्मार्टफोन वायफायवर ठेवला, पानावर नंबर टाकला. तीन-चार मिनिटांनी टाकीवरून आरोळी आली, "चाऽऽर! साऽऽत! सुन्य! सुन्य! दोऽऽन! आठ!" काकांनी आकडे टाकले आणि लागलं. ओट्यावरच्या बाकी लोकांना यात काही विशेष वाटलं नाही. ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून बँकेवाले मेसेज टाकून टाकून थकले आणि इथं अख्ख्या गावाला माईकशिवाय ऐकू जात होता.

काऊन असं करता विचारलं तर काका म्हणे, "फोन घेऊन मीच टाकीवर गेलो तं वायफाय सुटते. वापस आलो तं पान गायब. अन् पाच मिनिटात ओटीपी मरते. मग काय कराव मानसानं?"

बरोबर आहे. साइन इनच्या सूचनेवर बोट ठेवलं की जी खिडकी उघडते तो पूर्ण ब्राउझर नसतो, छोटी तात्पुरती खिडकी असते. त्यातून बाहेर पडून मेसेज पाहायला गेलं की कमी रॅमच्या फोनवर ती बंद पडते, वापस आलं की नवीन कोरं पान, पुन्हा नंबर, पुन्हा नवीन ओटीपी, जुना रद्द. तीन वेळा असं झालं की आमच्या त्या पानाचा नियम असा की नंबर तासभर बंद. जिथं रेंज आहे तिथल्या लोकांसाठी सांगतो, मेसेज ॲप उघडू नका, वरून जी पट्टी सरकते त्यातच आकडे वाचा, किंवा आधीच क्रोममध्ये पान उघडून लॉगिन करा. आणि मोबाईल डेटा बंद ठेवा, कारण वायफायवर नेट नाही असं दिसलं की फोन हळूच डेटावर सरकतो आणि लॉगिनचं पान येतच नाही. डेटा बंद, सिम चालू. हे मी मोठ्यानं सांगितलं तर एका आजोबांनी इमानदारीत फोन विमानवाल्या मोडवर टाकला आणि अर्धा तास ओटीपीची वाट पाहत बसले.

मामाचं वेगळंच निघालं. त्याला पानावर पुढं जायचं बटणच दिसेना. मी पाह्यलं तर खरंच नव्हतं. मामाला चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून त्यानं फोनमधली अक्षरं सर्वात मोठी करून ठेवलेली, आणि ठेकेदाराचं पान असं बनवलेलं की अक्षरं फुगली की बटण पडद्याच्या खाली जाते आणि पान वर सरकत नाही. फोन आडवा केला तर बटणाचा वरचा कोपरा दिसला, त्यावर दाबलं. चाळीशीपुढची बरीच माणसं मोठी अक्षरं वापरतात, त्यांच्यातला एकही माणूस हे पान बनवताना कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता.

आणि एक कॉलेजचा पोट्टा, त्याचं लॉगिन व्हायचं पण नेट चालेना, फोन म्हणे "खाजगी डीएनएस सर्व्हरवर पोहोचता येत नाही". त्यानं जाहिराती बंद करायला कुठल्यातरी रीलमध्ये पाहून खाजगी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) लावलेलं, ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे, आणि ती ८५३ नंबरच्या दारानं, म्हणजे पोर्टनं, जाते. आमच्या राऊटरनं ते दार बंद ठेवलेलं. सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर केलं, चाललं. जाहिराती वापस आल्या म्हणून नाराज झाला तो.

## ओटीपी पाहिजेच कायले

हे सगळे बारीकसारीक उपद्रव एकीकडं आणि मूळ दुखणं एकीकडं. लोकं वायफायकडं आले कारण मोबाईलला रेंज नाही, आणि वायफाय म्हणते आधी मोबाईलवर मेसेज घेऊन या. त्यात बऱ्याच जणांचं रिचार्ज संपलेलं. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यापासून दर महिन्याला सगळ्यांच्या घरात सगळ्या सिमला रिचार्ज होत नाही, हे मी दुकानात रोज पाहतो.

बहिणीनं मला सरळ प्रश्न केला, "दादा, ओटीपीबिगर सोडता नाई येत का लोकायले?" मला आधी वाटलं नाही येत, कायदा आहे. ओळख पटवल्याशिवाय मोकळं वायफाय देता येत नाही हे खरं आहे. २००८ मध्ये स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल दुसऱ्याच कोणाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, त्यानंतर २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. पण त्या सूचनांमध्ये तात्पुरत्या वापरणाऱ्यासाठी दोन वाटा आहेत. एक, मोबाईलवर लॉगिन-पासवर्ड पाठवायचा आणि तो नंबर वर्षभर नोंदीत ठेवायचा. दुसरी, फोटोवाल्या ओळखपत्राची प्रत घ्यायची आणि ती वर्षभर जपून ठेवायची. बहुतेक ठेकेदार पहिली वाट घेतात कारण त्यात कोणी माणूस बसवावा लागत नाही. आमच्याकडं तर माणूस बसलेलाच होता, झेरॉक्स मशीन घेऊन, सकाळी दहा ते पाच.

ठेकेदाराच्या कंपनीला ईमेल करून लेखी विचारलं, चार दिवसांनी हो आलं. राऊटरमध्ये व्हाउचरची सोय पहिल्यापासून होती, कोणी वापरलीच नव्हती. आता बहीण ओळखपत्राची झेरॉक्स फाइलला लावते, अनुक्रमांक टाकते, आणि आठ आकड्यांची चिठ्ठी छापून देते. एक चिठ्ठी, एक फोन, एक दिवस. मेसेज नाही, टाकी नाही. सरपंचकाकूंनी पहिल्या दिवशी स्वतः रांगेत उभं राहून चिठ्ठी घेतली, त्यामुळं बाकीच्यांनी कुरकुर केली नाही.

पण मजा पुढं. लॉगिन झालं, नेट चाललं, मामानं कपास किसान ॲप उघडलं, नंबर टाकला, आणि ॲप म्हणे ओटीपी टाका. मामानं माझ्याकडं पाह्यलं. मी टाकीकडं पाह्यलं.

इथं मात्र एक गोष्ट कामी आली जी मला आधीच सुचायला पाहिजे होती. वायफाय कॉलिंग. आपल्याकडं २०१९ च्या डिसेंबरपासून, पुढच्या महिनाभरात, दोन मोठ्या कंपन्यांनी ही सोय सुरू केली, फोनच्या सिम सेटिंगमध्ये एक बटण असते. ते चालू केलं की टॉवरची रेंज नसली तरी फोन वायफायमधून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत जातो, कॉल त्यावरून होतात आणि मेसेजही येऊ शकतात. मामाच्या फोनवर चालू केलं, काहीच झालं नाही. पुन्हा राऊटर. वायफाय कॉलिंग ५०० आणि ४५०० या दोन यूडीपी दारांनी बाहेर जाते, आणि ठेकेदाराच्या फायरवॉलमध्ये नेहमीच्या चार-पाच सोडून सगळी दारं बंद. ती दोन उघडून घेतली, सोबत ८५३ पण, पोट्ट्याच्या जाहिरातींसाठी. मामाच्या फोनवर वरच्या पट्टीत वायफाय कॉलिंगची खूण आली, आणि मिनिटाच्या आत ओटीपी, तोही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून. मामा काही बोलला नाही, फक्त फोन उलटा करून मागून पाह्यला.

सगळ्यांचं झालं असं नाही. जुन्या फोनांत ते बटणच नाही, काहींत बटण आहे पण मेसेज येत नाहीत, आणि सरकारी कंपनीच्या सिमवर आम्हाला काही जमलं नाही. मी त्या आठवड्यात हात लावलेल्या फोनांपैकी निम्म्याहून जास्तीचं झालं असेल. उरलेल्यांचं बहिणीनं बाजूला घेऊन, दार लावून, टाकीवाल्या पद्धतीनंच केलं, फक्त आता आरोळी बंद, पोट्टा आकडे हातावर लिहून आणतो. वायफाय सुटायचा प्रश्न नाही कारण चिठ्ठी दिवसभर चालते, आणि ॲपचा ओटीपी मेला तर पुन्हा मागवता येतो.

काही लोकांनी मला पीएम-वाणीबद्दल विचारलं, ९ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळानं मंजूर केलेली योजना, ज्यात किराणा दुकानदारसुद्धा लायसन किंवा नोंदणीशिवाय वायफाय विकू शकतो. त्यात एका ॲपमध्ये एकदा ओळख पटवली की पुढं दुसऱ्या गावच्या वाणी हॉटस्पॉटवर पुन्हा सगळं करत बसावं लागत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण पहिल्यांदा ओळख पटवायला मोबाईल नंबरच लागतो, म्हणजे आमच्यासाठी एकडाव तरी टाकी आलीच.

शेवटी मी निघालो. फाइलमध्ये तेव्हा त्रेसष्ट झेरॉक्स लागल्या होत्या आणि झेरॉक्सचा कागद ग्रामपंचायतीनं आणायचा का ज्याचं काम त्यानं, यावरून ओट्यावर वाद सुरू होता. मामाची नोंदणी झाली, सातबाऱ्याचा फोटो दोनदा वाकडा आला म्हणून तिसऱ्यांदा काढला. एस्टीत बसलो तर टाकीवरचा तो आठवीतला पोट्टा स्टँडवर भेटला, माझ्याकडं रागानं पाहत होता. मला नंतर बहिणीकडून कळलं, एका ओटीपीमागं तो दोन रुपये घ्यायचा.